गेटवरची पाटी

नारळी पौर्णिमेला चार दिवस राहिले होते. कोलशेत गावातून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर एका घराच्या ओट्यावर बॅनरची तयारी चालली होती. आठवीतला नातू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला चित्र हवं होतं: होडी, होडीत कोळी आणि त्याच्या हातात सोन्याचा नारळ. एआयकडून त्यानं ते सात वेळा काढून घेतलं. पहिल्या खेपेला होडी केरळातल्या शर्यतीची निघाली. दुसऱ्या खेपेला शीड होतं, पण डोलकाठी नव्हती. पाचव्या खेपेला नारळालाच पानं फुटली. सातवं चित्र बघून आजोबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

ओट्यावर मामा-भाची बसली होती. मामा म्हणजे त्या पोराचे आजोबा. रबाळ्याच्या एका रसायन कारखान्यात युटिलिटी खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर, जनरेटर, सगळं त्यांनी हातानं चालवलं. भाची मेकॅनिकलचा डिप्लोमा करून महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम बघते. तिची रात्रपाळी होती. कळवा-विटावामार्गे जाणारी कंपनीची बस यायला दोन तास होते.

ही दोघं कल्पित आहेत, पण अशी माणसं कोलशेतच्या कुठल्याही आळीत भेटतील. त्यांच्या तोंडचे सार्वजनिक आकडे आणि घटना मात्र खऱ्या आहेत. एआयची पर्यावरणातली किंमत हा विषय आपण अजून परदेशच्या बातमीसारखा वाचतो. ठाणे, ऐरोली, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्याच्या तो दाराशी आला आहे, म्हणून तो ओट्यावरच बोलायला घेतला.

मामा: सात वेळा काढलं आणि सात वेळा टाकलं. पोरगा म्हणतो, फुकट आहे. तू त्याच धंद्यातली. खरं सांग, फुकट आहे का?

भाची: फुकट कसं असेल, मामा? पण तुला वाटतं तेवढं महागही नाही. २०२३ मध्ये हगिंग फेस या एआय कंपनीच्या आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून बघितलं होतं. हजार चित्रांना सरासरी २.९ युनिट वीज लागली. त्या हिशेबानं सात चित्रांना वीस वॉट-तास. हा आपला पंखा पंधरा मिनिटं फिरला, संपलं. लेखी उत्तराला त्याहून कितीतरी कमी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलनं आपल्या जेमिनीचा आकडा जाहीर केला. साधारण एका लेखी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी. पाणी म्हणजे पाचेक थेंब.

मामा: मोजलं कोणी?

भाची: त्यांनीच.

मामा: आणि त्यात काय काय धरलंय?

भाची: उत्तर देताना जे लागतं ते. मॉडेल शिकवताना गेलेली वीज त्यात नाही. वीज जिथं तयार होते त्या केंद्रात जाणारं पाणीही नाही. शिकवण्याचा खर्च मोठा असतो, हे मी लपवत नाही. जीपीटी-३ शिकवायला १,२८७ मेगावॉट-तास गेले असा २०२१ मधला अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ तेरा लाख युनिट. आणि आजच्या मॉडेलांपुढं ते लहान समजतात.

मामा: कारखान्यात साहेब लोक आम्हाला असंच सांगायचे. एक किलो रंगामागं सांडपाणी किती, तर एवढंसं. दिवसाला किती टन रंग निघतो, ते मात्र बोलायचे नाहीत. थेंब राहू दे, टाकी सांग.

भाची: टाकी सांगते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणं २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरना मिळून ४१५ अब्ज युनिट वीज लागली. जगाच्या विजेचा दीड टक्का. २०३० पर्यंत तो आकडा ९४५ अब्जांवर जाईल असा अंदाज आहे आणि या वाढीमागं सगळ्यांत मोठं कारण एआय आहे. पण मामा, सगळी डेटा सेंटर एआयसाठी नाहीत. मामी बाजारात मासळी विकताना क्यूआर पुढं करते. तू रेल्वेचं तिकीट मोबाइलवर काढतोस. इस्पितळाचे रिपोर्ट मोबाइलवर येतात. ते सगळं कुठल्या ना कुठल्या सर्व्हरच्या रॅकमधूनच जातं. ते बंद करायचं का?

मामा: बंद कर असं मी म्हणालोच नाही. पण मासळीच्या क्यूआरला आणि तुझ्या एआयला सारखीच वीज लागते का?

भाची: नाही, तिथं मोठा फरक आहे. एआयला ज्या चिप लागतात त्यातली एक, एनव्हिडियाची एच-१००, पूर्ण भारावर ७०० वॉट घेते. ती महिनाभर तशीच चालली तर पाचशे युनिट होतात.

मामा: एका चिपला? आपलं दोन खोल्यांचं बिल दोनशे युनिटांचं येतं.

भाची: एका चिपला. पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॉट लागायचे. आता ७२ चिपचा एकेक रॅक येतो, त्याला सुमारे १२० किलोवॉट लागतात. तो रात्रंदिवस पूर्ण भारावर चालला तर महिन्याला ८६ हजार युनिट. आपल्यासारखी चारशे घरं एका कपाटात बसवली असं समज. आणि त्या विजेचा शेवट उष्णतेतच होतो. ती उष्णता बाहेर काढायची, हीच माझी नोकरी.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी बोटानं ओट्यावर एक चौकोन काढला. कूलिंग टॉवर समजावून सांगताना ते नेहमी असाच चौकोन काढतात.

मामा: उष्णता बाहेर काढायचे दोनच रस्ते, हे मला कोणी शिकवायला नको. पाणी वाफ करून उडवायचं, नाहीतर पंखे आणि कॉम्प्रेसर लावून हवेत फेकायची. एक युनिट उष्णता पाण्यानं उडवायची तर दीड-एक लिटर पाण्याची वाफ होते. वर क्षार साचू नयेत म्हणून ब्लोडाउनला पाणी सोडावं लागतं ते वेगळं. आम्ही मेकअपच्या, म्हणजे भर घालायच्या पाण्याचा मीटर रोज बघायचो. तुमच्याकडं काय आहे?

भाची: आपल्याकडची हवा दमट. पावसाळ्यात कूलिंग टॉवरचा उपयोग कमी होतो, तुला माहीतच आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी हवेवर थंड होणारे चिलर बसवतात. पाणी खूप कमी लागतं.

मामा: आणि वीज जास्त.

भाची: हो. पाणी वाचवलं तर वीज वाढते, वीज वाचवायला गेलं तर पाणी. नवीन रॅकना चिपपर्यंत द्रव नेऊन थंड करतात, त्यात थोडं दोन्हीकडं वाचतं. पण फुकटचा रस्ता नाही.

मामा: आता पाण्याचंच बोलू. ठाणे-बेलापूर पट्ट्याला पाणी कुठलं?

भाची: एमआयडीसीचं.

मामा: एमआयडीसीचं म्हणजे बारवीचं. बारवीतून उल्हास नदीत सोडतात, जांभूळला उचलतात, शुद्ध करतात आणि नळातून पाठवतात. त्याच पाण्यातलं दिवसाला १३५ दशलक्ष लिटर ठाणे महापालिका घेते. शहराला मिळतं ते सगळं मिळून ५८५. म्हणजे तुझ्या चिलरची आणि ठाण्याच्या नळाची आई एकच. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत मे महिन्यात टँकरची रांग तू बघतेस. बारवीची उंची वाढवली तेव्हा तोंडली, काचकोली, मानिवलीसारखी गावं पाण्याखाली गेली. तिकडं शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा उशाला आणि दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच. मुरबाडला काळू धरणाचं काम परवानग्यांशिवाय सुरू केलं होतं, ते २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं थांबवलं. तिथले आदिवासी अजून लढतायत. शहराची तहान वाढली की पहिला घाला त्यांच्यावर येतो.

भाची: ठाण्याची तहान टॉवरनी वाढवली, मामा. डेटा सेंटरनी नाही. इथं रंग-रसायनांचे कारखाने गेले आणि त्या जागी तीस-चाळीस मजली इमारती आल्या. एका टॉवरला रोज किती लाख लिटर लागतं याचा हिशेब कर आणि मग आमच्यावर बोट ठेव. आणि एक चांगलं झालंय, तेही सांगते. नवी मुंबई महापालिकेनं कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी केंद्रं उभी केलीत, दिवसाला वीस-वीस दशलक्ष लिटरची. ते पाणी उद्योगांना देता येतं. डेटा सेंटरना पिण्याचं पाणी देऊच नका, हे देणं बंधनकारक करा. माझी त्याला ना नाही.

मामा: मग ते बंधनकारक करा म्हणून तुझ्या साहेबांना सांग.

भाची: मी पाळीवरची इंजिनीअर आहे. माझं कोण ऐकतं?

मामा: माझंही ऐकत नव्हते.

आतून मामींनी चहा आणून ठेवला. बशीत गूळपापडी होती. नातवानं आठवं चित्र काढायला घेतलं होतं. आजोबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तेव्हा त्यानं मोबाइल पालथा घातला.

मामा: जगाचा दीड टक्का म्हणालीस. पण जगभर सारखी पसरून थोडीच लागते ती? गेल्या गणपतीत तूच आयर्लंडचं सांगत होतीस.

भाची: हो. २०२३ मध्ये आयर्लंडमध्ये मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी घेतली. तिथल्या शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून घेतली त्याहून जास्त. डब्लिनच्या आसपास नवीन जोडण्या जवळपास थांबवाव्या लागल्या.

मामा: मग आपलं डब्लिन कुठलं?

भाची: हाच पट्टा. देशातली जवळपास निम्मी डेटा सेंटर क्षमता मुंबईच्या परिसरात आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका इथं, शेअर बाजार इथं, आणि वीज इतर शहरांच्या मानानं भरवशाची. म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. आता कल्याण-शीळ रस्त्यावर पलावा. २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉननं तिथं ३८ एकर जमीन घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये लोढा समूहानं राज्य सरकारशी डेटा सेंटर पार्कचा करार केला. ३० हजार कोटींची गुंतवणूक, दोन गिगावॉट क्षमतेचा आराखडा.

मामा: दोन गिगावॉट म्हणजे दोन हजार मेगावॉट. मुंबई शहराची ऐन उन्हाळ्यातली मागणी किती असते?

भाची: सव्वाचार ते साडेचार हजार मेगावॉट.

मामा: म्हणजे डोंबिवलीच्या शेजारी जवळजवळ अर्धी मुंबई येऊन बसणार. आणि मुंबईची मागणी रात्री उतरते, यांची उतरत नाही.

भाची: पूर्ण भरल्यावर, मामा. टप्प्याटप्प्यानं होणार, वर्षं लागतील.

मामा: वर्षं लागतील म्हणूनच आत्ता बोलायचं. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा लाइन गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद. लोकल जागच्या जागी. करोनाचे दिवस, इस्पितळं भरलेली.

भाची: त्या दिवशी आमच्या धंद्यातली केंद्रं चालू राहिली.

मामा: कशावर?

भाची: डिझेलवर. जनरेटर तेवढ्यासाठीच असतात. वीज गेली नाही तरी ते चालवून बघावे लागतात.

मामा: त्याचा धूर ऐरोलीच्या चाळीत जातो. आणि धुराचंच काढलं तर ट्रॉम्बेचं घे. तिथला पाचशे मेगावॉटचा कोळशाचा संच बंद व्हायचा होता. मुंबईची मागणी भागत नाही म्हणून तो चालूच ठेवला. शेजारच्या माहुलची माणसं काय श्वास घेतात ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे.

भाची: त्याचं सगळं खापर डेटा सेंटरवर फोडू नकोस. एसी वाढले, मेट्रो आली, टॉवर वाढले. वाटा आहे, पण एकट्याचा नाही. आणि आमच्यासारखे मोठे ग्राहकच आज सौर आणि पवनऊर्जेचे मोठे करार करतायत. आम्ही नसतो तर सोलापूर-साताऱ्याकडच्या कितीतरी प्रकल्पांना गिऱ्हाईक मिळालं नसतं.

मामा: कागदावर सोलापूरचं ऊन. रात्री दोन वाजता महाप्यात काय असतं?

भाची: जे ग्रिडमध्ये असतं ते. आणि आपल्या ग्रिडमध्ये अजून कोळसाच जास्त. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागं सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. रात्रीचं ऊन साठवायला बॅटऱ्या लागतील, त्या आता कुठं यायला लागल्यात. हे मी कबूल करते.

मामा: कबूल करतेस म्हणून तुझ्याशी बोलतो.

भाची: मग आता माझं ऐक. तू फक्त खर्चाची बाजू वाचतोस. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसात एआय वापरलंय. जमिनीतला ओलावा, हवामान, उपग्रहाची चित्रं बघून शेतकऱ्याला मोबाइलवर सांगतात, आज पाणी दे, आज देऊ नको. पाणी आणि खत कमी लागून ऊस वाढला, असा त्यांचा अनुभव आहे. ऊस किती पाणी पितो हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. त्यातलं थोडं वाचलं तरी आमच्या चिलरच्या हिशेबात किती बसेल? २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्यानं एआयनं केलेला पावसाचा अंदाज तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाठवला. पेरणी आठवडाभर पुढं ढकलावी की नाही, हे कळणं म्हणजे एखाद्याचं बियाणं वाचणं आहे. हे पाणी, हे बियाणं तू तराजूत टाकणार की नाही?

मामा: टाकणार. त्यासाठी लागली ती वीज घ्या. पण बारामतीच्या उसाला लागते तेवढी आणि या पोराच्या सात होड्यांना लागते तेवढी, दोन्ही एकाच वायरीतून जाते. तुम्ही उसाचं नाव सांगून होड्यांना जागा घेता. आणि हे थांबणारं नाही. घोडबंदरचा रस्ता रुंद केला, गाड्या वाढल्या. उड्डाणपूल बांधला, आणखी वाढल्या. चिप जितकी कमी वीज खाईल तितकी ती स्वस्त होईल आणि तितके लोक ती जास्त वापरतील.

भाची: हे १८६५ मध्येच इंग्लंडात जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली, तसा इंग्लंडचा कोळशाचा खप वाढला. आमच्या क्षेत्रात ते नाव सारखं घेतात. तू घोडबंदरवरून तिथवर आलास. पण मग उपाय काय? आम्ही इथं बांधलं नाही तर दुसरीकडं बांधतील. आपला डेटा दुसऱ्या देशात जाईल. आणि माझ्यासारखीला महाप्यात नोकरी मिळाली ती आपल्याच लोकांच्या जमिनीवर मिळाली. साठच्या दशकात एमआयडीसीनं आगरी-कोळ्यांच्या शेतांवर कारखाने बसवले, आता कारखान्यांच्या जागी सर्व्हर येतायत. निदान त्यात आपलं कोणीतरी आत असू दे.

मामा: आत असू दे, म्हणून तर मी तुला शिकायला लावलं. पण डेटा सेंटरमध्ये माणसं किती? आमच्या कारखान्यात एका पाळीला दोनशे होतो.

भाची: माझ्या पाळीला सुरक्षारक्षक धरून तीसच्या आत.

मामा: जमीन तेवढीच, पाणी आपल्यातलंच, वीज कितीतरी जास्त आणि माणसं तीस. हा हिशेब कोणी मांडला का लोकांपुढं? जनसुनावणी झाली का कधी?

भाची: बहुतेक वेळा लागतच नाही. पर्यावरणाच्या नियमांत डेटा सेंटरचा वेगळा वर्ग नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वरचं बांधकाम म्हणून परवानगी घेतात आणि बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही. मॉल असो, टॉवर असो की डेटा सेंटर, कागद जवळपास तोच.

मामा: म्हणजे चारशे घरांची वीज एका कपाटात घालणारी वस्तू आणि मॉल, कागदावर सारखेच.

इथं मामा उठले, आत गेले आणि एक जुना फोटो घेऊन आले. कारखान्याच्या गेटवर तीन कामगार उभे होते आणि त्यांच्या मागं हिरव्या रंगाची मोठी पाटी होती.

मामा: ही पाटी बघ. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता. घातक रसायनं वापरणाऱ्या कारखान्यांनी गेटच्या बाहेर पाटी लावायची. आत काय वापरता, हवेत काय सोडता, किती घातक कचरा निघतो, सगळं लोकांना दिसेल असं लिहायचं. आमच्या गेटवरचे आकडे बदलायचं काम माझ्याकडं होतं. सकाळची पाळी सुरू झाली की मी ओला कपडा आणि खडू घेऊन जायचो. साहेबांना ते कधी आवडलं नाही. पण दिघ्याची, रबाळ्याची पोरं शाळेत जाताना थांबून वाचायची. एकदा एकानं मला विचारलं, काका, कालपेक्षा आज जास्त का? त्या दिवशी मी आत जाऊन विचारलं. नाहीतर मी तरी कुठं विचारणार होतो?

भाची: पाटीनं खाडी साफ झाली?

मामा: नाही झाली. खोटं कशाला बोलू? उल्हास आणि वालधुनी नद्यांचं काय झालंय ते तू बघतेस. वनशक्तीसारख्या संस्थांना हरित न्यायाधिकरणात जावं लागलं. माझ्या लहानपणी या खाडीत जाळं टाकलं की जिताडा यायचा. आता जाळ्यात प्लॅस्टिक येतं. पण न्यायालयात जाणाऱ्याच्या हातात काहीतरी आकडा लागतो. पाटी तो आकडा देते. आकडाच नसेल तर भांडायचं कशावर?

भाची: आमच्या धंद्यात म्हणतात, पाण्याचा आकडा दिला तर आतली क्षमता कळते, स्पर्धकाला फायदा होतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात द डॅलस म्हणून गाव आहे, तिथं गुगलची डेटा सेंटर आहेत. त्यांना किती पाणी लागतं हा आकडा व्यापारी गुपित आहे, असं म्हणून गावच्या प्रशासनानं एका वर्तमानपत्राशी वर्षभर कज्जा केला. शेवटी २०२२ मध्ये आकडा बाहेर आला. २०२१ मध्ये शहरातल्या एकूण पाण्यापैकी २९ टक्के पाणी त्या केंद्रांना गेलं होतं.

मामा: आकडा बाहेर आल्यावर गुगल बुडालं?

भाची: नाही. उलट त्यांनी आपल्या केंद्रांचे ठिकाणवार पाण्याचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली. आणि युरोपात तर आता कायदाच आहे. पाचशे किलोवॉटच्या वरच्या डेटा सेंटरनी वीज आणि पाणी किती लागलं ते दरवर्षी कळवायचं. २०२४ पासून सुरू झालंय.

मामा: म्हणजे जमतं.

भाची: जमतं. खरं सांगू, मामा? आकडे नव्यानं काढायचेही नाहीत. मी पाळीत दर दोन तासांनी लॉगशीट भरते. चिलरचे युनिट, मेकअपचं पाणी, जनरेटरचं डिझेल, सगळं त्यात असतं. पहाटे चारचं रीडिंग घेताना डोळे मिटतात, तरी घेते. ते कागद फाइलला लागतात. गेटच्या बाहेर येत नाहीत, एवढंच.

मामा: मग मी खडू घेऊन येतो.

भाची: तू ये. मी आतून आकडे सांगते. पण एका अटीवर. पाटीच्या एका बाजूला खर्च लिही, दुसऱ्या बाजूला तो कशासाठी झाला तेही लिही. उसाला किती, होड्यांना किती.

मामा: मान्य. तेच तर मला वाचायचंय.

नऊ वाजायला आले तशी भाची पाठीला बॅग लावून निघाली. बॅनरवर शेवटी कुठलंच एआयचं चित्र आलं नाही. मामांनी नातवाला खाडीवर नेलं आणि बंदरावर ओढून ठेवलेल्या त्यांच्याच होडीचा फोटो काढायला लावला. नाळ, डोलकाठी, शीड, सगळं जागच्या जागी होतं.

या दोघांत मी कोणाच्या बाजूचा, हे वाचकानं विचारलं तर सांगतो. एआय नको असं मला वाटत नाही. बारामतीच्या शेतात आणि पेरणीच्या अंदाजात त्याचा उपयोग मला दिसतो. पण त्याची किंमत प्रश्नामागच्या पाच थेंबांत मोजणं ही आपली फसवणूक आहे. ती किंमत बारवीच्या पाण्यात, ट्रॉम्बेच्या धुरात आणि ठाणे खाडीच्या काठाला मोजली पाहिजे. या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाणारा माणूस डेटा सेंटरपासून फार लांब नसतो. या पट्ट्यातली डेटा सेंटर ज्यांच्या पाण्यावर आणि हवेवर चालणार आहेत, त्यांना निदान त्यांचा हिशेब वाचता आला पाहिजे.

म्हणून मागणी एकच आणि ती साधी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं डेटा सेंटरला संमतिपत्र देताना अट घालावी: गेटच्या बाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशी मराठी पाटी. काल किती युनिट वीज घेतली, किती लिटर पाणी घेतलं आणि ते कुठून आलं, किती लिटर डिझेल जाळलं. पलाव्याच्या डेटा सेंटर पार्कमधल्या पहिल्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळायच्या आत ही अट लागू व्हावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हे पत्र लिहून मागावं. लिहिताना एवढं लक्षात असू द्या की हे आकडे कोणीतरी रोज पहाटे चार वाजता लिहून ठेवतंच आहे. ते फक्त गेटच्या बाहेर आणायचे आहेत.